चारशे बारा जणांची शिंक

सुरुवातीलाच खुलासा केलेला बरा. आमच्या चौकातल्या पुतळ्याखाली जी पाटी आहे, ती मी वाचलेली आहे. कृपा करून मला थांबवून ती दाखवू नका. परवा एका शाळामास्तरांनी मला दंडाला धरून तिथे नेलं, एका शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही एवढे मुद्रितशोधक, आणि तुमच्या दारात ही चूक?" मी "अरेच्चा, हो की!" असं म्हणून घरी आलो आणि दोन तास कुणाशी बोललो नाही. चौतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली आहेत. 'कारकून' हा शब्द ऱ्हस्व लिहिणाऱ्या माणसाबरोबर मी चहासुद्धा पीत नाही. त्या माणसावर अशी वेळ का यावी, हे एकदा सविस्तर सांगून टाकतो, म्हणजे मास्तर लोकांचे आणि माझ्या दंडाचे दोघांचेही कष्ट वाचतील.

सुरुवात झाली सासूबाईंच्या डोळ्यांपासून. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तपासलं आणि आम्हा नवराबायकोला बाहेर घेऊन हळू आवाजात सांगितलं, की सहा महिने, फार तर सात. मग उजेड-अंधार तेवढा कळेल. हळू आवाजाचा उपयोग झाला नाही, कारण सासूबाईंचे कान ठणठणीत आहेत. घरी आलो. मग चपला काढता काढता म्हणाल्या, "जावईबापू, त्याच्या आत मला एकदा तो चेहरा बघायचाय."

तो चेहरा कुणाचा, हे सांगायला हवं. आमच्या चौकात आता जिथे चपला दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे, तिथे युद्धाच्या काळात परवाना कचेरी होती. शहर सोडून जायचं तर परवाना लागायचा, आणि तो मिळायचा फक्त यादीत नाव असलेल्यांना. ज्यांची नावं नव्हती त्यांचं पुढे काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तिथल्या तीन नंबरच्या खिडकीत एक कारकून बसायचे. त्यांनी काय करावं? यादीतली जी माणसं आधीच वारली होती, त्यांच्या नावाने त्यांनी जिवंत माणसांना परवाने लिहून दिले आणि वर धाडकन सरकारी शिक्का मारला. एक नाही, दोन नाही, चारशे बारा. सासूबाई त्यातल्या एक. तेव्हा चार वर्षांच्या होत्या. आज आम्ही ज्या नावाने त्यांना ओळखतो, ते तापाने गेलेल्या कुणा दुसऱ्याच मुलीचं नाव आहे. त्या कारकुनांचा एकही फोटो उरलेला नाही, आणि वाचलेल्यांपैकी या शहरात आता एकट्या सासूबाईच उरल्या आहेत. म्हणजे तो चेहरा असलाच तर त्यांच्या डोक्यात.

"पुतळाच करायला हवा मग," मी म्हणालो. हे वाक्य मी सहज बोललो होतो. माणूस "आता पाऊस पडायला हवा" म्हणतो, तसं. पण बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून मला कळलं की पुतळा मीच करायचा आहे.

समिती झाली. अध्यक्ष तळमजल्यावरचे दंतवैद्य, कारण त्यांच्याकडे खुर्च्या आहेत. सचिव अर्थात मी. तिसरे सभासद आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. त्यांना सगळे 'अनुभवी' म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव असा आहे" इथून सुरू होतं. ते आयुष्यभर एका गोदामात होते. तिथे त्यांना पुतळ्यांचा, मूळव्याधीचा आणि परराष्ट्र धोरणाचा अनुभव कसा आला, हे विचारायची सोय नाही.

"माझा अनुभव असा आहे," पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "की पुतळ्याला घोडा लागतो."

"अहो, कारकून होते ते," मी म्हणालो.

"कारकुनाला काय घोडा वर्ज्य आहे?"

"खिडकीत बसायचे. खिडकीत घोडा कुठून येणार?"

"मग लोक लांबून ओळखणार कसे, की हा पुतळा आहे? घोडा नसेल तर कुणीतरी बसची वाट बघत उभा आहे असं वाटतं."

दंतवैद्यांचं म्हणणं असं, की घोडा नको, पण पुतळा हसरा हवा, दात दिसायला हवेत. हल्ली कुणी दात दाखवतच नाही. यावर सव्वा तास चर्चा झाली. शेवटी मी सचिवाच्या अधिकारात ठरावाचा मसुदा स्वतःच्या हाताने लिहून काढला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'ज्यांनी आपल्या खिडकीत बसून शिक्का मारून चारशे बारा जणांचे प्राण वाचवले, त्या कारकुनांचा पुतळा चौकात उभारण्यात यावा.' कोपऱ्यावरच्या टायपिंगवाल्या बाईंकडे दिला. त्यांच्या संगणकात जुना फाँट होता, नगर कार्यालयाला नवा हवा होता. त्यांनी एक कळ दाबून जुन्याचा नवा केला. त्या कळीने काय केलं, हे मी पुढे सांगणार आहे, पण एवढं आत्ताच नोंदवतो की जोडाक्षराशी संगणकाचं जुनं वैर आहे.

छापील कागद मी चार वेळा तपासला. त्यात 'कारकुनांचा' बरोबर होतं. 'खिडकीत'ला पहिली वेलांटी आहे का, ते नाकाला भिंग लावून पाहिलं. एक स्वल्पविराम फाजील होता, तो उडवला. खाली 'तपासले, बरोबर आहे' असं लिहून झोकात सही केली. बायकोला म्हणालो, "असा निर्दोष कागद त्या कचेरीने जन्मात पाहिला नसेल."

अकरा दिवसांत मंजुरी आली. आमच्या गटाराच्या झाकणाला चार वर्षं लागली होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण मला वाटलं, शुद्धलेखनाचा प्रभाव पडला.

शिल्पकार मंजुरीबरोबरच आले, म्हणजे कार्यालयानेच नेमले. उंच, हडकुळे, कधीही न हसणारे गृहस्थ. पहिल्याच भेटीत त्यांनी मला सांगितलं, "मी ठरावाबाहेर जात नाही. मागे एकदा गेलो होतो, एक छत्री जास्तीची केली. अजून पत्रव्यवहार चालू आहे." मी म्हटलं, "शाब्बास! मलाही शब्दाला धरून काम करणारी माणसं आवडतात." चेहऱ्यासाठी त्यांनी सासूबाईंशी दोनदा बोलून टिपणं घेतली. सासूबाई दार लावून सांगत होत्या. आम्हाला आत यायची बंदी होती.

दीड महिन्यांनी मातीचा नमुना बघायला बोलावणं आलं. सासूबाई मुद्दाम नवीन चष्मा घालून आल्या होत्या. आधाराला बायकोचा हात होता, पण चालत पुढेच होत्या. दंतवैद्य होते, अनुभवी होते. शिल्पकारांनी ओला कपडा ओढला.

कंबरेत वाकलेला एक माणूस. डोळे गच्च मिटलेले, खांदे कानाला लागलेले, आणि नाकातोंडावर दोन्ही हातांनी धरलेला हा एवढा मोठा रुमाल.

अनुभवी म्हणाले, "सर्दी झालीये वाटतं."

"हे काय आहे?" मी विचारलं.

"शिंक," शिल्पकार शांतपणे म्हणाले. "या विषयावर मी महिनाभर विचार केला. साधा माणूस शिंकतो. पण ठरावात 'शिंकून' नाहीये, 'शिंका मारून' आहे. मारणं! त्यात प्रतिकार आला. पहारेकऱ्यांचं लक्ष उडवण्यासाठी हा माणूस चारशे बारा वेळा शिंका मारतो आणि प्रत्येक शिंकेला एक जीव निसटतो. मला तर रडू आलं हो."

मी त्यांच्या हातातून ठरावाची प्रत हिसकावली. आणि दिसलं. शिक्क्यातला अर्धा क गायब होता, आणि त्याच्या जागी शि च्या डोक्यावर एक टिंब बसलं होतं. शिंका मारून. त्याच्या बरोबर खाली, चार बोटांवर, 'तपासले, बरोबर आहे' आणि माझी झोकदार सही. इतके दिवस कामात कुठे माशी शिंकली म्हणून शोधत असतो माणूस, इथे माशीने माझ्याच कागदावर शिंकून ठेवलं होतं! चार वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं, कारण मला काय लिहिलंय ते आधीच माहीत होतं. नवशिक्या पोरांना मी चौतीस वर्षं हेच शिकवत आलोय, की माहीत असलेला मजकूर तपासू नये.

बायकोने प्रत घेऊन माझी सही तेवढी वाचली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. सासूबाई त्या मातीजवळ गेल्या, रुमालाच्या कडेकडेने वाकून बघू लागल्या आणि विचारलं, "चेहरा कुठाय?"

"रुमालामागे," शिल्पकार म्हणाले.

"मग मला काय दिसणार?" त्या म्हणाल्या आणि तिथल्याच स्टुलावर बसल्या. मला अक्षरशः मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन महिने गेले होते. डॉक्टरांच्या हिशेबाने अर्धे संपले होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधी मी दारात. चौकशीच्या खिडकीत एक बाई बसतात. वयाने पन्नाशीच्या, चष्मा साखळीला, आणि समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मान वर न करण्याची शिस्त. मी सगळं सांगितलं. एक अर्धा क घालायचा आहे फक्त. त्यांनी फाइल काढली, वाचली, आणि मग पहिल्यांदाच मान वर केली.

"काका, क घालू नका."

"का?"

"तुम्हाला मंजुरी अकरा दिवसांत कशी मिळाली असं वाटतं?" त्यांनी आवाज खाली आणला. "ज्याचा पुतळा करायचा, त्याच्यावर चौकशी चालू नाही ना, हे बघायचा नियम आहे. जुन्या दप्तरात तुमचे ते तीन नंबरच्या खिडकीतले कारकून आहेत. शिक्क्याचा गैरवापर केला म्हणून निलंबित. चौकशी प्रलंबित."

"अहो, ऐंशी वर्षं झाली!"

"प्रलंबित म्हणजे प्रलंबित. त्यांनी अजून खुलासा दिलेला नाही."

"ते वारले!"

"तसंही कळवलेलं नाही." त्यांनी फाइल बंद केली. "तुमच्या ठरावात शिक्क्याचं नावच नाही. शिंका मारणाऱ्यावर आमच्याकडे काही चौकशी नाही. वरच्या साहेबांनी पाहिलं, म्हणाले हा कुणी वेगळा दिसतो, आणि सही केली. आता तुम्ही क घातलात, की तो तोच होतो. मग पुतळा गेला."

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. म्हणजे बघा, ज्या माणसाने खोटं लिहून चारशे बारा माणसं वाचवली, त्याला खरं लिहून सन्मान मिळत नव्हता. माझ्या आयुष्यातली सर्वांत लाजिरवाणी चूक हाच त्याचा एकमेव बरोबर कागद होता. ती सुधारावी तर पुतळा नाही. न सुधारावी तर रुमाल. मधल्यामध्ये सासूबाईंचे डोळे.

संध्याकाळी अनुभवी वरून खाली आले. "माझा अनुभव असा आहे," त्यांनी सांगितलं, "की शिंकणारा माणूस घोड्यावर बसवला तर तेवढा वाईट दिसत नाही." मी त्यांना दारापर्यंत पोचवून आलो. दंतवैद्यांनी सुचवलं, की तो शिंकताना दात तरी दाखवू द्या. त्यांनाही पोचवलं. सासूबाई आपल्या खोलीत वर्तमानपत्राचा मथळा नाकाशी धरून वाचत होत्या. खालचा मजकूर त्यांनी आठवड्यापूर्वीच सोडून दिला होता. मी दारात उभा राहिलो. त्या मथळा मोठ्याने वाचत होत्या. "पूल बांधून खुला."

बांधून!

अहो, मला तिथे उडी मारावीशी वाटली. वयामुळे नुसतंच "आई!" म्हणून ओरडलो. त्यांनी दचकून पेपर टाकला. बांधून म्हणजे काय? आधी बांधला, मग खुला केला. 'ऊन' प्रत्यय! पूर्वकालवाचक धातुसाधित अव्यय! जी क्रिया आधी पुरी झाली, ती दाखवणारं! 'शिंका मारून वाचवले' म्हणजे शिंका मारून झाल्या होत्या. वाचवणं नंतरचं. ठरावात सन्मान वाचवण्याचा आहे, शिंकण्याचा नाही. पुतळा शिंकेनंतरचा हवा. सरळ उभा, नाक मोकळं, चेहरा उघडा, हात पुढे!

दुसऱ्या दिवशी हे मी खिडकीतल्या बाईंना व्याकरणाच्या पुस्तकासकट समजावून सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. "आणि पुढे केलेल्या हातात काय आहे?" त्यांनी विचारलं.

मी व्याकरणाचं पुस्तक मिटलं.

"रुमाल असणार," त्याच म्हणाल्या आणि ठरावाला जोडायच्या पुरवणीत लिहू लागल्या. "शिंक झाल्यावर घडी घातलेला. चौकोनी, वर धरायला गोल मूठ." मग पुन्हा मान वर केली. "कडक इस्त्रीचा दिसतो."

"फार कडक," मी म्हणालो.

"एक प्रमाणपत्र लागेल मात्र. ठरावातला शब्द मुद्दाम तसा वापरला आहे, मुद्रणदोष नाही. मजकूर तपासणाऱ्याच्या सहीने. पाटीवरही मग तोच शब्द येईल, आणि खाली तुमचं नाव."

माझ्यासमोर कागद आला. लेखणी माझी होती, शाई माझी होती, हात तेवढा माझा वाटत नव्हता. आयुष्यात मी कधी छापील खोटं खरं म्हणून पुढे पाठवलं नव्हतं. एका वर्षी पंचांगातली अमावस्या चुकली म्हणून सोळा पानांचा अख्खा फर्मा परत पाठवला होता मी! सही करताना बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार. सही केली. त्यांनी शिक्का उचलला आणि धाडकन मारला. त्या आवाजाने मी चांगलाच दचकलो.

पुढचं काम शिल्पकारांनी दार लावून केलं, आत फक्त सासूबाई. व्याकरण त्यांना पटलं होतं, पण रुमालाला मूठ कशी, हे काही पटेना. "ठरावात आहे ना?" मी म्हटलं. "मग ठीक आहे," ते म्हणाले. सासूबाई रोज सकाळी जायच्या. घरी आल्या की बोटांना माती असायची. बायकोने विचारलं, कसा होतोय? तर म्हणायच्या, "नाक जमलं. भुवई राहिलीये."

अनावरणाच्या दिवशी चौकात बऱ्यापैकी गर्दी होती. खिडकीतल्या बाई मागच्या रांगेत रुमाल हातात घेऊन उभ्या होत्या, अगदी साधा, बिनमुठीचा. पडदा ओढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारून एक किंकाळी आली.

"बाबा!" बायको म्हणाली.

आता इथे माझ्या सासऱ्यांविषयी दोन शब्द बोलणं भाग आहे. आतापर्यंत मी टाळत आलोय. सासरे जाऊन अकरा वर्षं झाली. माणूस लाखातला, सगळे म्हणतात. मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "प्रुफं तपासता? म्हणजे दुसऱ्यांच्या चुकांवर जगता?" आणि डावी भुवई वर केली होती. पुढे चोवीस वर्षं ती भुवई माझ्यापुरती खाली आली नाही. ती भुवई आता चौकात होती, धातूमध्ये, आमच्या फाटकाकडे तोंड करून, पाटीवरच्या माझ्या नावाच्या बरोबर वर. दंतवैद्य पुटपुटले, "ही जबड्याची ठेवण मी ओळखतो. कवळी मीच बसवली होती." अनुभवी काही बोलले नाहीत. त्यांना एवढा अनुभव नव्हता.

"आई," बायको दबक्या आवाजात म्हणाली, "हे बाबा आहेत!"

"मला कळतंय की," सासूबाई म्हणाल्या. त्या पुतळ्याच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या, मान वर करून. नजर पार क्षीण झाली होती, पण त्या बघत होत्या, हावरटासारख्या बघत होत्या.

"अहो आई, पण त्या कारकुनांचा चेहरा?" मी विचारलं. माझा आवाज जरा चिरकलाच. "तुम्ही म्हणालात, मला तो चेहरा बघायचाय!"

"मी चार वर्षांची होते, जावईबापू. खिडकी केवढी उंच! आईच्या कमरेशी उभी होते मी. मला चेहरा कुठून दिसणार? एक हात दिसला. शाईने माखलेला, करंगळी जरा वाकडी. तो मी बिनचूक सांगितलाय, बघा हवं तर." त्यांनी पुतळ्याची करंगळी चाचपून दाखवली. ती वाकडी होती. "चेहरा माहीत नाही म्हणाले असते, तर तुमच्या समितीने पुतळा केला असता?"

केला नसता. अनुभवींनी घोडाच केला असता.

"मग मी विचार केला, चांगला माणूस म्हणून आपल्याला कुठला चेहरा ठाऊक आहे? एकच होता. आणि मला बघायचा होता हो एकदा, दिसतंय तोवर. फोटोत ते नेहमी डोळे मिटायचे."

"पण हे खोटं आहे, आई," मी म्हणालो. ज्याने महिन्याभरापूर्वी शिंकेवर सही केली, तो मी हे म्हणालो.

सासूबाईंनी पुतळ्याच्या गालावरची धूळ पदराने पुसली.

"त्यानं मला दुसरीचं नाव दिलं," त्या म्हणाल्या, "मी त्याला दुसऱ्याचा चेहरा दिला. आमची फिटंफाट झाली. तुम्ही मधे पडू नका."